मुलाच्या हाती फोन द्यायचाय: कुठलं कुलूप कुठे चालतं?

‘फॅमिली लिंक टाका, काळजी मिटली’ असं दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. अ‍ॅप गुगलचं आहे, मुलाच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवू देतं, फुकट आहे आणि चांगलंही आहे. पण ते मुलाच्या खात्यावर चालतं. सोलापुरात पूर्व भागातल्या कित्येक घरांत आई विड्या वळत बसलेली असते आणि तिचाच फोन पोराच्या हातात असतो. त्या फोनवरचं खातं मोठ्या माणसाचं, त्यामुळे तिथे फॅमिली लिंकचा काही उपयोग नाही. म्हणून मुलाच्या वयाच्याही आधी बघायचं ते फोन कुणाचा आहे.

फोन आईबाबांचाच असेल तर

सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘मल्टिपल यूजर्स’ शोधा. सापडलं तर मुलासाठी वेगळा यूजर तयार करा आणि त्याला फोन-एसएमएसची परवानगी देऊ नका. मग तुमचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप आणि ओटीपी त्याच्यासमोर येत नाहीत. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये हीच सोय ‘सेकंड स्पेस’ नावाने असते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती मुळीच नसते. असली तरी जागा खाते; ३२ जीबीचा जुना फोन रडायला लागतो.

ती नसेल तर ‘अ‍ॅप पिनिंग’ वापरा; त्यात फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवता येतो. ते सुरू करताना ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ हा पर्यायही चालू करा, नाहीतर दोन बटणं दाबून पोरगं बाहेर पडतं. लहान मुलासाठी साधं यूट्यूब पिन करण्यात अर्थ नाही, शॉर्ट्समध्ये काहीही येतं. यूट्यूब किड्स पिन करा आणि त्यात ‘फक्त मंजूर केलेलं’ हा पर्याय निवडा. चॅनल तुम्ही निवडायचे, मराठी, तेलुगू, कन्नड कुठलेही. तासभर बसून निवडावे लागतात, हे खरं.

एक गोष्ट हमखास राहून जाते: यूपीआय लाइट. त्यात १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते. फोन मुलाच्या हातात जाणार असेल, तर यूपीआय लाइट बंद करून शिल्लक बँकेत परत घ्या. प्ले स्टोअरमध्येही प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा.

फोन मुलाचा स्वतःचा असेल तर

इथे मात्र फॅमिली लिंकच घ्या. मुलाचा फोन अँड्रॉइड हवा, तुमचा आयफोन असला तरी चालतो. रोजची मर्यादा, रात्रीची बंदची वेळ, नवीन अ‍ॅपला तुमची मंजुरी, फोन कुठे आहे, हे सगळं मिळतं. फोन कुलूपबंद झाला तरी आलेला कॉल उचलता येतो, त्यामुळे क्लासला गेलेल्या मुलीशी संपर्क तुटत नाही. क्रोममधला इन्कॉग्निटो, म्हणजे काय पाहिलं याची नोंद न ठेवणारा प्रकार, तोही बंद राहतो. पण दुसरा ब्राउझर उतरवला की क्रोमवरची नको त्या साइट अडवणारी चाळणी वाया जाते. बाकीचे ब्राउझर फॅमिली लिंकमधल्या यादीतून बंद करा.

अडतं ते जन्मतारखेपाशी. इन्स्टाग्राम मिळावं म्हणून, किंवा दुकानातच घाईत, गुगल खात्यावर १८ च्या पुढचं वय टाकलेलं असतं, आणि अशा खात्यावर देखरेख लावता येत नाही. तारीख खरी करा. १३ पेक्षा कमी वय भरलं की गुगल पालकाची मंजुरी मागतं; ती मुदतीत दिली नाही तर खातं बंद पडतं. म्हणून पालकाचा फोन शेजारी घेऊनच बसा.

दुसरी पळवाट घरातलीच. आईच्या फोनचा पॅटर्न पोराला पाठ असतो. रात्री तिच्याच फोनवरून ते स्वतःला वेळ वाढवून घेतं आणि आई म्हणते, ‘अ‍ॅप चालत नाही.’ पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपमधलं बोलणं फॅमिली लिंकला दिसत नाही. तिथे प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. इन्स्टाग्रामवर १८ च्या आतल्यांना टीन अकाउंट मिळतं, भारतात २०२५ पासून. खातं खासगी असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि १६ च्या आतल्यांना यात ढिलाई हवी असेल तर पालकाची परवानगी लागते. खोट्या वयाने उघडलेल्या खात्याला यातलं काही मिळेलच असं नाही.

घरचं वायफाय गाळायचं असेल तर

राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा, अर्थातच इंग्रजी आकड्यांत. क्लाउडफ्लेअरची ही फुकट सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते. दुसऱ्या रकान्यात जुनाच आकडा राहिला तर गळती होते. यूट्यूब, इन्स्टाग्रामच्या आतलं हे गाळत नाही. शिवाय लाइट गेली की राउटर बंद, फोन मोबाइल डेटावर आणि चाळणी गायब. काही केबलवाल्यांच्या राउटरमध्ये हा बदल करताच येत नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ हे नाव इंग्रजीत भरलं तर मोबाइल डेटावरही चालतं. हुशार मूल तेही बंद करू शकतं, चाळणीला वळसा घालणारं व्हीपीएन तर आहेच. त्यामुळे हे जोडीला ठेवा, एवढ्यावर विसंबू नका.

मुलाला न सांगता मेसेज वाचणारी विकतची अ‍ॅप घेऊ नका. मुलाचा सगळा मजकूर कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर जातो आणि पकडलं गेलात की पुढच्या वेळी अडचण तुमच्यापर्यंत येत नाही.

तरीही काही घडलंच तर

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मूल संकटात असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. फोटोवरून धमकी आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, समोरच्याचं खातं आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलाचा तसला फोटो ‘बघा काय झालंय’ म्हणून मामाला किंवा शिक्षकांना पाठवू नका; असा फोटो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा ठरू शकतो. ‘टेक इट डाउन’ या फुकट सेवेत फोटो कुठेही न पाठवता, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो आपल्याकडे शोधून काढतात.