सांगलीतलं जुनं हॉटेल: काही महिने राहिल्यावर, मुख्यतः जिन्याच्या भिंतीबद्दल

हरभट रोडच्या आतल्या गल्लीतलं जुनं दुमजली हॉटेल. सागवानी जिना, मंगळुरी कौलं, मधला चौक हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते परत लिहीत नाही. बदली झाल्यापासून, म्हणजे ऐन पावसाळ्यापासून, मी इथे महिन्याच्या बोलीवर राहतोय. आज लिहायला बसलो ते मॅनेजरशी झालेल्या भांडणामुळे.

जिन्यालगतच्या भिंतीवर दोन रेघा होत्या. खालची 2005 च्या पुराची, वरची 2019 ची. दोन्हींत सहा पायऱ्यांचं अंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2005 ला पाणी 53 फुटांवर गेलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये 57 च्याही वर. हे आकडे पेपरात वाचले होते, पण त्या पायऱ्या चढताना ते अंगावर आले. खोल्या झाडणारे मामा वरच्या रेघेशी थांबून म्हणाले, "साहेब, हितनंच होडीत चढलो आमी." हरिपूरला वारणा मिळते, ती फुगली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही आणि पाणी गावात तुंबतं, हेही त्यांनीच समजावलं.

दिवाळीच्या आधी मालकांनी ती भिंत खरवडून ऑइल पेंट मारला. रेघा गेल्या. मॅनेजर म्हणाले, "डाग होते ते, गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही." दर्शनी भागात मात्र फेटेवाल्या पाहुण्यांच्या तसबिरी आणि 1929 च्या आयर्विन पुलाच्या उद्घाटनाचा फोटो काचेत जपलाय. या वास्तूवर आजवर जे काही गुदरलं त्यातलं सगळ्यात मोठं तेवढं पुसून टाकलं. मला याचा खरोखर राग आहे.

शिवाय रंगाने भिंतीचं नुकसानच झालं. गिलावा चुन्याचा आहे. चुना ओल बाहेर सोडतो. वर ऑइल पेंट बसला की ती आत कोंडते, लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, आणि पोपडे सुटतात. दिवाळी उलटून महिना होतोय न होतोय तोच तळाला पोपडे आलेत. त्या पैशांत चुन्याचे दोन हात सहज झाले असते.

आता बाकीचं. तळमजल्याच्या खोल्या मी आधी सगळ्यांना सुचवत होतो, जिना नको म्हणून. आता सुचवणार नाही. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि भाडं वरच्याइतकंच घेतात. घासाघीस केली, एक रुपया सुटला नाही. मग वर मागची खोली घेतली आणि मत पुष्कळ बदललं. उंच छत, लाकडी झडपा, दुपारीसुद्धा पंखा एकवर पुरतो, त्यामुळे एसीचे जादा पैसे वाचतात. सकाळी बंबाचं पाणी कडकडीत. चहा ठीक.

रंग लावण्याआधी मी भिंतीचा फोटो काढला होता, त्यात पायऱ्या स्पष्ट मोजता येतात. त्याची प्रत आणि एक अर्ज मालकांकडे दिलाय: रंग उतरवा, चुना लावा, त्याच उंचीवर दोन्ही रेघा पुन्हा ओढा. उत्तर आलेलं नाही. तोवर पाचपैकी तीन. जाणार असाल तर वरची मागची खोलीच मागा, आणि काउंटरवर त्या रेघांची चौकशी करा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं तर मालक ऐकतील.