मालिकेत जायचे आहे: आधी मुंबई की आधी नागपूरची रंगभूमी?

मालिकांत अभिनेता व्हायचे असे ठरवलेल्या नागपूरच्या मुलामुलींपुढे आज मुख्यतः तीन वाटा आहेत: पदवी हाती पडताच थेट मुंबई गाठणे, आधी दोन-तीन वर्षे इथल्या हौशी रंगभूमीवर काम करणे, किंवा एखाद्या संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेणे. घरोघरी या वाटांची तुलना होते ती कोणत्या वाटेने नाव लवकर होईल, एवढ्याच प्रश्नावर. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. दोन कामांच्या मधला रिकामा काळ आपण कशाच्या बळावर काढणार, हे आधी पाहिले पाहिजे, कारण या व्यवसायात तो काळ जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

थेट मुंबईला जाण्याचा मोठा फायदा म्हणजे हाकेच्या अंतरावर असणे. ऑडिशनची पहिली फेरी आता मोबाइलवर चित्रित करून पाठवता येते. नाव, वय, उंची सांगायची, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा आणि दिलेला प्रसंग म्हणायचा, हे नागपूरच्या खोलीतूनही जमते. मात्र पुढची लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात कसे दिसतो ते पाहणे) आणि मॉक शूट (चाचणीपुरते चित्रीकरण) समोरासमोर होते, आणि तिचा निरोप पुष्कळदा आदल्या दिवशी येतो. दुरोंतो किंवा विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी कॅमेऱ्यासमोर ताजेतवाने उभे राहणे एकदा-दोनदा जमेल, दर आठवड्याला जमणार नाही.

पैशाचा हिशेब मात्र घरच्यांना नीट समजावून सांगितला पाहिजे. मालिकेत बहुतेक कलाकारांना महिन्याचा पगार नसतो; ठरलेला दर दिवसाचा असतो आणि जितके दिवस चित्रीकरण, तितकेच पैसे. त्यातही मानधन नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये खात्यात येतात, तेही उद्गम कर (टीडीएस) कापून. आणि तोवर भाडे, अनामत रक्कम, जेवण, गोरेगावची चित्रनगरी, मीरा रोड, नायगाव किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या सेटपर्यंतचा रोजचा प्रवास हे सारे स्वतःच्या खिशातून करावे लागते. काम मिळाले म्हणून ते टिकेल याचीही हमी नाही. ‘चार दिवस सासूचे’सारखी मालिका २००१ ते २०१३ इतकी वर्षे चालली खरी, पण आता टीआरपीचे आकडे उतरले की काही महिन्यांतही मालिका गुंडाळली जाते, आणि मालिका चालू असतानाही एखादे पात्र कथेत परगावी पाठवून दिले जाते आणि त्या कलाकाराचे काम थांबते. करार करताना दर महिन्याला किमान किती दिवसांच्या कामाची हमी आहे आणि त्या काळात दुसरीकडे काम करण्याची मुभा आहे का, ही दोन कलमे वाचल्याशिवाय सही करू नये.

आता नागपूरची बाजू. राज्य नाट्य स्पर्धेचे इथले केंद्र, लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह, महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, आणि महेश एलकुंचवारांसारखा नाटककार ज्या शहरात राहून लिहीत आला त्या शहराचा नाट्यव्यवहार, हे भांडवल आपण फार कमी लेखतो. इथे पैसा जवळजवळ मिळत नाही. मिळते ते दोन अंकांभर पात्र धरून ठेवण्याची सवय आणि पाठांतराचा वेग. मालिकेच्या सेटवर बारा तासांच्या शिफ्टमध्ये संवादांचे कागद अनेकदा प्रसंगाच्या थोडा वेळ आधी हातात पडतात, तेव्हा हाच वेग कामी येतो.

भाषेचे कामही इथेच करून घेता येते. ‘पाणी’चे ‘पानी’ होणे, ‘करत आहे’च्या जागी ‘करून राहिलो’ येणे यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली ‘चला हवा येऊ द्या’मधून घराघरांत पोहोचवली. परंतु फक्त बोलीवर विसंबले, तर भूमिका बहुधा विनोदीच मिळतात. प्रमाण मराठी आणि आपली बोली या दोन्हींत सहज ये-जा करणाऱ्याला दोन्हीकडची कामे मिळतात, आणि नागपूरकरांची हिंदी मुळातच सफाईदार असल्याने हिंदी मालिकांचे दारही उघडे राहते.

पूर्व विदर्भातल्या व्यावसायिक झाडीपट्टी रंगभूमीला मात्र मालिकेची पायरी समजू नये. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात आणि कलाकाराला प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात. तिथला आवाज आणि अभिनय हजारोंच्या मंडपासाठी घडलेला असतो. कॅमेऱ्यासमोर तो आवरता घ्यावा लागतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी. ज्याला अभिनयातून पोट भरायचे आहे आणि विदर्भ सोडायचा नाही, त्याने मालिकेच्या आधी झाडीपट्टीचा विचार करावा.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, जो हौशी रंगभूमीवर मिळतो. पुण्यात एफटीआयआय ही चित्रपट व दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी संस्था आणि विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. काही महिन्यांत कॅमेऱ्याचा अभिनय शिकवून मालिकेत काम मिळवून देण्याची हमी देणाऱ्या खासगी वर्गांवर मी एक रुपयाही खर्च करू नये असेच सांगेन.

तेव्हा माझा कौल असा: आधी नागपूर, मग शक्य असल्यास प्रशिक्षण, आणि त्यानंतर किमान वर्षभराचा खर्च गाठीशी बांधून मुंबई. याला एक अपवाद आहे, आणि तो मुलींना जाचक आहे. नायिकेच्या भूमिकांसाठी विशीतल्याच मुली शोधल्या जातात, त्यामुळे ज्या मुलीला त्याच भूमिका हव्या आहेत तिला तीन वर्षे थांबणे महागात पडू शकते. तिने पदवीच्या वर्षांतच रंगभूमीवर काम करावे आणि सोबत मोबाइलवरून ऑडिशन पाठवत राहावे. चरित्र भूमिका करणाऱ्यांना अशी घाई नाही. नोकरी सांभाळून नाटक करणारा माणूस चाळिशीतही वडिलांच्या किंवा मामांच्या भूमिकेत मालिकेत शिरू शकतो. ज्यांना याच वर्षी सुरुवात करायची आहे त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी बसण्यापूर्वीच, म्हणजे साधारण गणपतीच्या आधी, एखाद्या संघाशी बोलून घ्यावे. भूमिका मिळाली नाही तरी प्रकाशयोजना किंवा रंगभूषेला हात लावायला माणूस प्रत्येक संघाला हवाच असतो.