जुनी पेट्रोल की जुनी डिझेल? एमओटीच्या नजरेतून

इंग्लंडमध्ये गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, आलीच. आम्ही 12 वर्षांच्या दोन गाड्या पाहिल्या: 90,000 मैल पळालेली पेट्रोल आणि 60,000 मैलांची डिझेल. आकडा डिझेलच्या बाजूने, तरी मी पेट्रोलच घेतली.

दिवे, ब्रेक, सस्पेन्शन यांत दोघींचं सारखंच. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कुठलीही गाडी नापास. खरा फरक धुराचा. डिझेलचा काजळी अडवणारा फिल्टर लांबच्या प्रवासात तापून साफ होतो. नुसतं शाळा-बाजार केलं तर तुंबतो. म्हणजे कमी पळालेली डिझेल हीच धास्तीची. आणि मूळचा फिल्टर कुणी काढून टाकला असेल तर थेट नापास!

पेट्रोलची भीती गंजाची, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात (डिझेलही त्यातून सुटत नाही म्हणा). खाली वाकून टॉर्च मारला, मागच्या स्प्रिंगजवळ नखाने खरवडलं. पापुद्रा निघाला, पण आतला पत्रा टणक होता.

नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा इतिहास फुकट दिसतो, तो वाचाच. डिझेलच्या इतिहासात ब्रेकच्या झिजलेल्या डिस्कची तीच सूचना सलग तीन वर्षं होती.