शेततळं की पाणी पंचायत: लहान शेतकऱ्याच्या वाट्याला काय?

पाऊस लहरी झाला, की पहिला उपाय सुचतो तो शेततळ्याचा. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं. पण अट किमान ०.६० हेक्टर जमिनीची. म्हणजे एकरभरवाला बाहेर, भूमिहीन तर हिशेबातच नाही. शिवाय अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी पावसाने नव्हे, विहिरी-बोअर उपसून भरतात. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हात त्यातलं बरंच उडून जातं. डाळिंब-द्राक्षवाल्याला मात्र त्याचा मोठा आधार, हे मान्य.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, नायगावात, अभियंता विलासराव साळुंखे यांनी 'पाणी पंचायत' म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याची पद्धत उभी केली. तिचा हिशेब उलटा होता. पाण्याची वाटणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. आणि पाणी योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनीच उभा करायचा.

अडचण? यात रोज भांडण मिटवावं लागतं. शेततळं खोदलं की विषय संपतो. अनुदानाचा अर्जही एकट्याने भरता येतो, गाव गोळा करावं लागत नाही. तरीही सरकारी पैसा ओतायचाच असेल, तर माझं मत पुरंदरच्या बाजूने.