माती तपासणीचा अनुभव: दोन पिशव्यांची अदलाबदल आणि वाचलेल्या डीएपीच्या गोण्या

आधीच सांगतो, लॅबचं नाव टाकत नाही, कारण एक तक्रार पण आहे आणि माणसं ओळखीची आहेत. वाळवा तालुक्यातला आमचा भाग, कृष्णेकाठ, म्हणजे ऊस एके ऊस. तालुक्याच्या गावात प्रायव्हेट माती परीक्षण लॅब आहे, एका नमुन्याला 900 रुपये घेतात, दोन नमुन्यांचे 1800 झाले. परत जाणार का असं कोणी विचारलं तर जाणार, पण डोळे उघडे ठेवून.

जायचं कारण म्हणजे केवडा. वरच्या रानात दर वर्षी पावसाळ्यात उसाचे पोंगे पिवळे पडायचे, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं सगळं पिवळट, कुठं कुठं तर पांढरंफेक. मग दुकानात जायचं, तो एक टॉनिक द्यायचा, फवारायचं, आठ दिवस हिरवं, परत पिवळं. तीन वर्षं हाच खेळ. शेवटी भावकीतल्या एकानं सांगितलं की बाबा आधी माती तर बघ. आबांना सांगितलं तर म्हणाले, "माती काय दवाखान्यात न्यायची गोष्ट हाय व्हय?" त्यांचं पण बरोबर, त्यांनी आयुष्यभर ढेकूळ हातात चुरगाळून रान ओळखलं.

पहिल्यांदा गेलो ते लॅबवाल्यांनी परतच पाठवलं. मी काय केलं होतं, दहा ठिकाणची माती आणली, 10:26:26 ह्या खताचं रिकामं पोतं पसरलं, त्याच्यावर मिसळली आणि पिशवी भरली. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "दादा, कशावर कालवली माती?" मी इमानदारीत सांगितलं. म्हणाला, मग ही ठेवून घेत नाही, रिपोर्ट तुमच्या रानाचा नाही पोत्याचा येईल. राग आला तेव्हा, 22 किलोमीटर गाडी मारून गेलेलो, पण आता वाटतंय की त्यानं गपचूप 1800 घेतले असते तरी मला काय कळणार होतं. ह्या एका गोष्टीसाठी पूर्ण मार्क.

दुसऱ्यांदा नीट काढली. तो म्हणाला तसं ऊस तुटून गेल्यावर, नवीन खत पडायच्या आधी, बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, जिथं शेणखताचा ढीग होता तिथली नाही. खुरप्यानं इंग्रजी व्ही अक्षरासारखा फूटभर खोल खड्डा, आतली सुटी माती टाकून द्यायची आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची माती खरवडून घ्यायची. नागमोडी चालत दहाबारा ठिकाणी. मग स्वच्छ चादरीवर कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, राहिलेले दोन परत कालवायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत. सगळं ऐकायला किरकोळ वाटतं पण एका एकराला मला दीड तास गेला. अर्धा किलोवर अख्ख्या एकराचा निकाल लागणार असतो म्हटल्यावर तेवढं चालतंय.

आता तक्रार. रिपोर्ट आठ दिवसात देतो म्हणाले, एकोणिसाव्या दिवशी मिळाला, तोही चार फोन केल्यावर. आणि हातात घेतला तर वरच्या रानाची क्षारता म्हणजे ईसी 1.86 आणि खालच्या रानाची 0.31! ईसी 1 च्या आत असली की बरी धरतात. आमचं वरचं रान माळाच्या उताराला, पाणी पडलं की निथळून जातं, तिथं क्षार येतील कुठनं? आणि खालचं रान ओढ्याकडेला, उन्हाळ्यात तापलं की वर पांढरं फुटतं, चालताना पायाखाली कुरकुर वाजतं, ते म्हणे एकदम निरोगी. दोन ओळी वाचल्यावरच कळलं की पिशव्या बदलल्या.

मी तसाच लॅबमध्ये गेलो. तिथल्या मॅडम आधी म्हणाल्या असं होत नाही आमच्याकडं. मग म्हटलं उरलेली माती असेल ना, काढा. त्यांनी दोन्ही ट्रे काढले, चिमूट चिमूट माती वॉच ग्लासमध्ये घेतली आणि पातळ आम्लाचे दोनदोन थेंब टाकले. एक माती नुसती जरा बुडबुडली. दुसरी सोडा टाकल्यासारखी फसफसून वर आली. म्हटलं ही जी उकळतीय ना ती माझ्या वरच्या रानाची, नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात तिथं. ट्रेवर नंबर खालच्या रानाचा! मॅडमचा चेहरा पडला, पण एक आहे, त्यांनी वाद घातला नाही, दोन्ही नमुने फुकट परत लावले आणि चार दिवसात नवीन रिपोर्ट दिला. चूक मान्य करणारी माणसं किती मिळतात सांगा. तरी पण प्रश्न राहतोच, की ज्याची दोन्ही रानं सारखीच दिसतात त्याला कसं कळणार होतं?

खरे पैसे वसूल झाले ते पुढच्या अर्ध्या तासात, मॅडमनी बसवून कागद समजावला तेव्हा. वरच्या रानाचा सामू (पीएच) 8.2, सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातनं मातीत येतो तो, 0.42 टक्के, चुनखडी 13 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी 41 किलो म्हणजे अत्यंत जास्त, पालाश (पोटॅश) 540 म्हणजे तोही अत्यंत जास्त, आणि लोह 3.1 पीपीएम, जस्त 0.48. लोहाला 4.5 आणि जस्ताला 0.6 च्या खाली गेलं की कमतरता. नत्र (नायट्रोजन) कमी, ते आमच्याकडं बहुतेकांच्या रिपोर्टात कमीच येतं म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं खत काय टाकता. मी अभिमानानं सांगितलं, एकरी लावणीला डीएपी ह्या स्फुरदाच्या खताच्या दोन गोण्या, बाळबांधणीला एक, मोठ्या बांधणीला 10:26:26 च्या तीन, पोटॅश एक आणि युरिया सहा. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत 23 किलो स्फुरद, तीन गोण्यांचं 69. 10:26:26 च्या गोणीत 13, तीन गोण्यांचं 39. झालं 108 किलो. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाला शिफारस हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 400:170:170 किलो, म्हणजे एकरी स्फुरद 68 किलो. आणि ते पण मध्यम जमिनीला! माझ्या रानात आधीच भरून ठेवलंय म्हणून निम्मं, 34 किलो बास झालं. मी तिप्पट टाकत होतो. गंमत म्हणजे चुनखडीच्या रानात हे जादाचं स्फुरद कॅल्शियमला धरून बसतं, पिकाला मिळत नाही, वर स्फुरद जास्त झालं की जस्त पण उसाला नीट उचलता येत नाही. म्हणजे केवडा चुनखडीमुळं लोह मिळत नाही त्याचा, जस्त मी माझ्याच खर्चानं दाबत होतो, आणि मग ह्या सगळ्यावर टॉनिक मारत होतो. आबांना हे घरी येऊन सांगितलं तर ते नुसते हसले.

डीएपी बंद, त्याच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेट एकरी चार गोण्या, त्यात 32 किलो स्फुरद येतं आणि गंधक फुकटात मिळतं. पोटॅश एकच गोणी. फेरस सल्फेट 10 किलो आणि झिंक सल्फेट 8 किलो, पण नुसतं फेकायचं नाही, चुनखडी खाऊन टाकते, दहा पट शेणखतात कालवून पाचसहा दिवस मुरवून मग सरीत. युरियाच्या गोण्या मात्र सहाच्या आठ झाल्या, कारण डीएपीतनं आणि 10:26:26 मधनं येणारं नत्र गेलं. पण एकदम नाही, चार वेळा, दहा टक्के, चाळीस, परत दहा, आणि मोठ्या बांधणीला चाळीस. आधी आम्ही युरिया सरीत फोकून वर पाटानं पाणी सोडायचो, त्यातलं किती उसाला मिळत असेल देव जाणे. ह्या वेळी खत टाकलं की लगेच मातीआड.

रिपोर्टाच्या छापील भागावर मात्र डोळे झाकून जाऊ नका. माझ्या वरच्या रानाच्या कागदावर खाली लिहिलेलं "एकरी जिप्सम टाकावे". मी विचारलं 13 टक्के चुना असलेल्या रानात अजून कॅल्शियम कशाला, आणि क्षार तर नाहीतच. मॅडम म्हणाल्या सामू 8 च्या वर गेला की कॉम्प्युटर आपोआप ती ओळ छापतो, खोडा ती. आणि पेनानं खोडली! आता सांगा, जो माणूस व्हॉट्सअॅपवर पीडीएफ मागवतो तो जिप्समची ट्रॉली ओतून मोकळा होणार की नाही?

खालच्या रानाचं दुखणं वेगळं. सामू 8.6, ईसी 1.86. तिथं खताचा हिशोब नंतर, आधी पाणी बाहेर काढा असं स्पष्ट सांगितलं. चर खोदला, धैंचा हे गाडायचं हिरवळीचं पीक पेरलं, क्षार सोसतो म्हणून ताग नाही धैंचा, आणि 45 दिवसांनी फुलायच्या आत गाडला. शिरोळ तालुक्यात क्षारपड रानात जमिनीखालनं सच्छिद्र पाईप टाकून लोकांनी परत ऊस घेतलाय, ते मी स्वतः बघून आलोय, पण ते एकट्याचं काम नाही, पाणी कुठं सोडणार त्याला खालचे चार जण तयार पाहिजेत. आमचे खालचे चार जण बांधावरून कोर्टात आहेत, त्यामुळं तो विषय सध्या बंद. मॅडमनी विहिरीचं पाणी पण तपासायला सांगितलं, ते मी नेलंच नव्हतं. लॅबनं हे आधी फोनवर सांगायला पाहिजे होतं.

अजून एक खटकलं. बाहेर पडताना एक टायवाला पोरगा आडवा आला, ह्युमिक, अमिनो, जिवाणू असं सगळं मिळून एकरी सहा हजाराचं किट, "रिपोर्टनुसार बनवलंय सर". माझा रिपोर्ट त्यानं बघितला पण नव्हता. खताच्या दुकानात लिंकिंग असतं, युरिया पाहिजे तर ही बाटली घ्या, ते कमी होतं म्हणून आता इथं पण. लॅबनं ह्याला दारात उभा करू नये.

काहीजण म्हणतील सरकारी मृदा आरोग्य पत्रिका असताना पैसे कशाला घालवले. पत्रिका माझ्याकडं पण आहे, 2015 ला योजना आली त्यानंतरची, 12 घटक असतात, वाईट काही नाही. पण ते नमुने बागायतीला अडीच हेक्टरच्या चौकोनाला एक असे घेतलेत. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. माझी सगळी जमीन मिळून तीन एकर, त्यात दोन तऱ्हेची माती. त्या चौकोनात माझं किती आणि शेजाऱ्याचं किती? गावाचा अंदाज यायला ठीक, माझ्या सरीत काय टाकू ते त्यातनं कळत नाही.

निकालाचं सांगतो. वरच्या रानातला आडसाली डिसेंबरात तुटला, एकरी 54 टन. आधीचा 52 होता. दोन टन पावसाचे पण असतील, मी लॅबच्या नावावर लिहीत नाही. पण केवडा एका कोपऱ्यात तेवढा दिसला आणि खतात एकरी पाच हजाराच्या आसपास सुटले. तीन डीएपीचे 1350 प्रमाणे 4050 आणि 10:26:26 च्या तीन गोण्या गेल्या, त्यातनं सुपर फॉस्फेट, जादाचा युरिया, फेरस, झिंक वजा. तपासणीचे 1800 पहिल्याच एकरात निघाले.

आता खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस आहे. कर्ब 0.42 बघितल्यावर पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवायचं धाडस झालं नाही, सरीत दाबलंय, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर आणि 1 किलो कुजवायचं कल्चर टाकून. पाचटामुळं खत फोकता येत नाही म्हणून पहारीनं देतोय, बुडख्यापासून वीतभर लांब फुटाफुटावर भोक, मूठभर खत आणि पायानं दाबायचं. बायका आधी म्हणाल्या हे काय खुळ काढलंय मालक, आणि मजुरी वाढवून घेतली. दुसऱ्या दिवशी दोघीदोघींची जोडी लावून, एक पहार मारणारी आणि एक खत सोडणारी, दुपारपर्यंत अर्धा एकर उरकला.

पाचपैकी साडेतीन स्टार. पोत्यावरची माती परत पाठवली आणि कागद समजावून दिला त्याचे चार, उशीर, पिशव्यांचा घोळ आणि टायवाला मिळून अर्धा कापला. येत्या मे महिन्यात परत जाणार आहे. ह्या वेळी पिशवीच्या बाहेर मार्करनं नाव आणि आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, दोन्ही. आणि विहिरीवर लिटरभराची रिकामी बाटली आत्ताच नेऊन ठेवलीय, आबांनी तिच्यात कालच रॉकेल भरलं म्हणून आज दुसरी ठेवली.