जुना पोलादी धक्का: गाड्या उतरवायच्या की कंटेनर?

पोलाद कारखाना बंद पडला, त्याचा जहाजं लागायचा धक्का मात्र शाबूत आहे. आता त्यावर काय आणायचं? ज्यांच्या गळ्यात हा निर्णय पडलाय, त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरजवळच्या स्पॅरोज पॉइंटकडे बघावं. 1887मध्ये उभारायला घेतलेला हा अवाढव्य पोलाद कारखाना 2012मध्ये बंद पडला. सुमारे 3,300 एकरांची ती जागा 2014मध्ये नव्या मालकांकडे गेली. आज तिथे फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या आयात गाड्या उतरतात. त्याच जागेत 165 एकरांवर एमएससी या बड्या जहाज कंपनीच्या टर्मिनल कंपनीबरोबर साधारण 1 अब्ज डॉलरचं कंटेनर टर्मिनलही ठरलंय. म्हणजे दोन्ही पर्याय एकाच कुंपणाच्या आत.

पहिला फरक पाण्याचा. गाड्यांचं जहाज बाहेरून इमारतीएवढं दिसलं, तरी आत बरीचशी हवाच असते. सहा-सात हजार गाड्या भरल्या तरी त्याला दहा-अकरा मीटर खोली साधारणपणे पुरते. मोठ्या कंटेनर जहाजाला पंधरा मीटरच्या पुढे लागते. म्हणूनच स्पॅरोज पॉइंटच्या कंटेनर योजनेत 50 फूट खोलीसाठी गाळ काढणं आलं. त्याच्यामागून परवानग्या, आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे यावरून होणारी भांडणं. गाड्यांना क्रेनही लागत नाही. जहाजाचा रॅम्प धक्क्यावर टेकतो आणि चालक एकामागून एक गाड्या खाली आणतात. तपासायचं ते एवढंच, की रॅम्प टेकतो तिथला जुना काँक्रीटचा भाग तो भार सोसेल का, आणि तिथे जुने रूळ किंवा जहाजं बांधायचे खुंट आडवे येतात का.

जमिनीच्या बाबतीत मात्र गाड्यांचं पारडं चांगलंच जड आहे. पोलाद कारखान्याची जमीन म्हणजे स्लॅगचा (भट्टीतल्या मळीचा) भराव, तेल, जड धातू. सगळी उकरून साफ करायची म्हटलं तर दिवाळंच निघेल. पण अशा कित्येक जागांवर प्रदूषित माती जागच्या जागी झाकून टाकणं हा मान्य उपाय आहे, आणि गाड्यांचं यार्ड म्हणजे तरी काय, मैलभर डांबराचं झाकणच. पावसाच्या पाण्याचा निचरा नीट केला, की सफाई आणि बांधकाम एकाच खर्चात बसतं. कंटेनरला मजबूत पाया, जड क्रेनचे रूळ, पायासाठी जमिनीत खोल ठोकलेले खांब सगळंच हवं. म्हणजे झाकलेली माती पुन्हा उकरणं आलं.

एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं, ती म्हणजे शेजार. धक्क्याच्या अर्ध्या भागात कोळसा किंवा लोहखनिज चालू ठेवून उरलेल्या अर्ध्यात गाड्या आणायचा मोह होतो, कारण जुनं गिऱ्हाईक सोडवत नाही. पण लोखंडाचे बारीक कण नव्या रंगावर बसले आणि दमट हवेत गंजले, की बॉनेटवर तांबूस ठिपके उठतात. ते धुऊन जात नाहीत. एका वाऱ्यात हजार गाड्यांचं पॉलिशिंग अंगावर येतं. दोन्ही एकत्र चालवू नका.

गाड्यांची कमजोरी बाजारात आहे. एप्रिल 2025मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के जादा कर लावला, तेव्हा ऑडीने नव्याने आलेल्या गाड्या बंदरातच रोखून धरल्या. गाड्यांवर गाड्या रचता येत नाहीत, त्यामुळे माल हलला नाही की यार्ड तुंबतं. कंटेनरमध्ये कपड्यांपासून फर्निचरपर्यंत सगळं येतं, एका मालाने दगा दिला तरी दुसरा तारतो. धक्क्याची जागाही महत्त्वाची. मार्च 2024मध्ये बाल्टिमोरचा ‘की ब्रिज’ हा पूल कोसळला तेव्हा आतले धक्के अडकले. पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला असलेल्या स्पॅरोज पॉइंटवर गाड्यांची जहाजं येत राहिली. आपला धक्का कुठल्या अडथळ्याच्या आत आहे आणि कुठल्या बाहेर, हे नकाशावर आधी बघून घ्या.

रोजगाराबद्दल फार आशा नको. पोलादाच्या ऐन भरात स्पॅरोज पॉइंटवर तीस हजारांवर माणसं होती. गाड्यांचं काम म्हणजे चालक, तपासनीस, धुलाई, ॲक्सेसरीज बसवणारे. कंटेनरमुळे गोदामं येतात आणि कामं थोडी वाढतात, पण तेही वर्षानुवर्षं थांबून.

धक्का उथळ, जमीन डागाळलेली आणि विस्तीर्ण, खिशात पैसे बेताचे असतील, तर मी गाड्याच निवडेन. जागा शहरालगत आणि महाग असेल तर नाही, कारण एकरी उत्पन्नात गाड्या मार खातात. कार कंपनीशी करार करताना किमान भाड्याची हमी घ्या, ठरलेल्या दिवसांनंतर पडून राहिलेल्या गाडीवर चढता दर लावा, आणि विजेवरच्या गाड्यांसाठी वेगळी रांग आणि आगीसाठी मुबलक पाणी आराखड्यातच धरा. 2023मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ पेटलेलं फ्रीमँटल हायवे हे गाड्यांचं जहाज विझायला कित्येक दिवस लागले. तसं काही धक्क्याला लागलेल्या जहाजावर झालं तर काय, हे तुमचा विमेवाला पहिल्याच बैठकीत विचारणार.