दुर्मीळ बॉडी, ओळखीचं इंजिन: कायमिरा, टस्कन, एलीझ की इलान?

एप्रिलमध्ये सलग तीन दिवस ऊन पडलं की इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. पोरं युनिव्हर्सिटीत गेलेली असतात, घराचा हप्ता आवाक्यात आलेला असतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांची डिझाइनं तपासून कंटाळा आलेला असतो. यंदाचा फोन असा होता: "अरे, एक टीव्हीआर बघितलीय. टस्कन. पिवळीधमक. घेऊ का?"

मी किंमत विचारली नाही, किलोमीटर विचारले नाहीत. विचारलं, इंजिन कुणाचं आहे?

छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. बॉडी दुर्मीळ असू दे, तिच्यासाठीच तर पैसे मोजायचे. इंजिन मात्र असं हवं, जे लाखोंनी बनलं आणि ज्याच्या खोड्या गल्लीतल्या मेकॅनिकलाही पाठ आहेत. फोनवरच्या मित्राला जे तासभर सांगितलं तेच इथे मांडतोय. चार गाड्या घेतल्या आहेत: टीव्हीआरच्या कायमिरा आणि टस्कन, लोटसच्या पहिल्या पिढीची एलीझ आणि 1989ची इलान. मॉर्गन, जेन्सन, मार्कोस अशा इतर छोट्या ब्रिटिश कंपन्यांच्या चाहत्यांनी रागावू नये, त्यांच्यासाठी वेगळी बैठक लागेल.

या गाड्या का बिघडतात, हे आधी समजून घ्या. मोठी कंपनी नवी गाडी वाळवंटात आणि बर्फात लाखो मैल पळवून बघते. छोट्या कारखान्याची ती चाचणी पहिलं गिऱ्हाईकच करतं. पत्रा ठोकायचे साचे परवडत नाहीत म्हणून बॉडी फायबरग्लासची. फायबरग्लास गंजत नाही, पण त्यातून वीजही वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. इथे प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला परतीची वायर ओढावी लागते, आणि त्या सगळ्या वायरी कुठेतरी ओलसर कोपऱ्यात एका नटाखाली जमा होतात. लोक लुकास कंपनीच्या इलेक्ट्रिकल्सना नावं ठेवतात, "अंधाराचा राजकुमार" वगैरे विनोद इथे पबमध्ये अजून चालतात. पण निम्मा दोष त्या नटाचा असतो.

हे मी एका नोव्हेंबरात शिकलो. गाडीचं नाव सांगत नाही, उगाच तिची बदनामी नको. एम-40 मोटरवेवर संध्याकाळचा पाऊस. इंडिकेटर दिला की वायपर मंदावायचे, ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणायचे, आणि शेवटी सगळंच गप्प. टो करायला आलेल्या माणसाने डाव्या हेडलाइटमागे हात घातला, हिरवा गंज चढलेलं एक टर्मिनल काढलं, पॉलिश पेपरने घासलं आणि परत आवळलं. पाच मिनिटं. वीस वर्षांत तो नट कुणी उघडलाच नव्हता. यात गाडीची तरी काय चूक?

आता कायमिरा. ब्लॅकपूल म्हणजे समुद्रकाठचं, विजेच्या रोषणाईचं गाव. तिथे ट्रेव्हर विल्किन्सनने आपल्याच नावातली तीन अक्षरं घेऊन टीव्हीआर काढली. 1981मध्ये पीटर व्हीलर या केमिकल इंजिनिअरने ती विकत घेतली आणि आज आपण जिला टीव्हीआर म्हणतो ती खरी त्याची. एअरबॅग नको, एबीएस नको, ट्रॅक्शन कंट्रोल नको, हा त्याचा हट्ट. कायमिराच्या नमुन्याचा एक लचका व्हीलरच्या कुत्र्याने तोडला आणि तो आकार आवडल्यामुळे तिथेच इंडिकेटर बसवला, असं सांगतात. गोष्ट खरी असो नसो, गाडी बघितल्यावर पटते.

तिच्या लांब बॉनेटखाली रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-8 आहे. मूळ अमेरिकेतल्या ब्युइकचं, रोव्हरने साठच्या दशकात हक्क घेतलेलं, पुढे रेंज रोव्हरमध्ये आणि मॉर्गनमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं. म्हणजे पार्ट मिळतात आणि ते उघडणारे हातही मिळतात. कॅमशाफ्ट झिजतो, तेल झिरपतं, पण यातलं काहीच गूढ नाही. चार लिटरचं इंजिन, साधारण 240 हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम टनाच्या वर. सुरू केली की शेजारच्या घराचा पडदा सरकतो. छताचा मधला तुकडा उचलून डिकीत ठेवायचा, मागची काच खाली पाडायची आणि निघायचं. डिकीत दोघांचं आठवड्याचं सामान बसतं, हे बायकोला सांगायच्या मुद्द्यांत वर ठेवा.

तिचा खरा आजार खाली आहे. चेसिसच्या दोन्ही बाजूंना बॉडी पेलणारे पाइप असतात, त्यांना इथे आउटरिगर म्हणतात. त्यांच्यावरचं पावडर कोटिंग सुटतं, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं आणि पाइप आतून कुजतो. सीटबेल्टचे बोल्टही तिथेच असल्यामुळे हे नुसतं दिसण्यापुरतं प्रकरण नाही. नीट दुरुस्ती म्हणजे बॉडी चेसिसवरून उचलणं, आणि त्याचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. बघायला जाताना जुनी चादर, टॉर्च आणि बोथट स्क्रूड्रायव्हर न्या. मालकाची परवानगी घेऊन आडवे व्हा आणि दारांच्या खालच्या भागातले पाइप ठोकून बघा. टणटण आवाज आला तर बरं. भद्द आला, किंवा ताज्या काळ्या रंगाचा जाड थर दिसला, तर चहा पिऊन घरी या. बॉडी उचलून काम झाल्याचे फोटो आणि बिलं असतील तर दोन-तीन हजार पाउंड जास्त द्यायला कचरू नका. इंजिनापेक्षा मी चेसिसच्या बिलांना जास्त भाव देतो.

टस्कन बघायला कायमिराहून देखणी, यात वाद नाही. दाराला हँडलच नाही, आरशाखालचं बटण दाबायचं. पण व्हीलरला वाटलं, दुसऱ्यांची इंजिनं किती दिवस वापरायची? म्हणून तिच्यात टीव्हीआरचं स्वतःचं सहा सिलिंडरचं स्पीड सिक्स बसवलं. चार लिटरमध्ये साडेतीनशे हॉर्सपॉवर, तेही टर्बोशिवाय. आवाज असा की बोगदा दिसला की काच खाली होतेच. मात्र सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह गाइड आणि फिंगर फॉलोअर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे-सांभाळणारे छोटे भाग, लवकर झिजायचे, आणि ती मोजक्याच तज्ज्ञांनी उघडून सुधारित पार्ट टाकून परत बांधली आहेत. हे काम झालेली टस्कन आणि न झालेली टस्कन या दोन वेगळ्या गाड्या समजा. त्यात ब्लॅकपूलचा कारखाना 2006मध्ये बंद पडला. कायमिराचा मालक अडला तर रेंज रोव्हरवाल्याकडे जाऊ शकतो. टस्कनच्या मालकाला जायला तेच मोजके लोक उरतात, आणि त्यांच्याकडे रांग असते.

लोटसचा स्वभावच निराळा. नॉरफोकमधल्या हेथेलच्या जुन्या विमानतळावर कारखाना, आणि संस्थापक कॉलिन चॅपमनची शिकवण एकच: वजन काढा. 1996ची एलीझ त्या शिकवणीचं सगळ्यात शुद्ध रूप. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वेल्डिंग न करता गोंदाने चिकटवून केलेला सांगाडा, आणि सगळी गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. आपल्या मारुती 800पेक्षा फार जड नाही. 118 हॉर्सपॉवर कागदावर हसण्यासारखे वाटतात, पण रस्त्यावर कुणी हसत नाही. स्टिअरिंगला पॉवर नाही, गरजही नाही. रस्त्यावरचा खडा तळहाताला कळतो.

अडचणी दोन. पहिली, छत लावलेलं असताना आत शिरणं. रुंद उंबरा ओलांडून, गुडघा छातीशी घेऊन बसावं लागतं. पन्नाशीतल्या कंबरेची आधी शोरूममध्ये परीक्षा घ्या, नंतर नको. दुसरी, रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधे लांब नळ्या आणि कूलंट मुळात कमी. गार पाणी अचानक आलं की हेड तणावाखाली येतं. पण इथेही तेच: हे इंजिन फ्रीलँडरपासून एमजीएफपर्यंत सगळीकडे होतं, त्यामुळे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. सुधारित गॅस्केट आणि बदललेला थर्मोस्टॅट असेल तर झोप उडवायचं कारण नाही. मला तिच्या अपघाताची जास्त भीती वाटते. चिकटवलेला सांगाडा वाकला की ठोकून सरळ होत नाही. चाकांजवळ जराही सुरकुती दिसली तर कितीही स्वस्त असली तरी नको.

आणि इलान, जिच्याकडे कुणी बघत नाही. पुढच्या चाकांनी चालणारी लोटस, म्हणून तेव्हाच नाकं मुरडली गेली. इंजिन इसुझुचं 1.6 लिटर टर्बो, कारण लोटस तेव्हा जनरल मोटर्सच्या ताब्यात होती. त्याच वर्षी माझ्दाने एमएक्स-5 आणली. साठच्या दशकातल्या मूळ इलानचाच कित्ता गिरवलेली, मागच्या चाकांची आणि बरीच स्वस्त. इलानचा धंदा बसला, आणि पुढे तिचे हक्क घेऊन कियाने कोरियात ती बनवली. पण हे जपानी इंजिन सुरू होतं, चालतं, घरी आणतं. छत गळतं, वर येणाऱ्या हेडलाइटच्या मोटरी रुसतात, आणि तिच्यापुरतेच बनलेले बॉडीचे तुकडे शोधताना घाम फुटतो. टीव्हीआरसारखा थरार नाही. ओल्या वळणावर मात्र चौघींत मी हिलाच आधी हाक मारीन.

चौघींना सारखेच लागू असे खर्च थोडक्यात. पेट्रोल ई-5 (जास्तीत जास्त 5 टक्के इथेनॉलचं) सुपर भरा, 2021पासून साधं पेट्रोल ई-10, म्हणजे 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय. पेट्रोल गाडी युरो-4 या प्रदूषण-मानकात बसत नसेल तर बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये दिवसाला 8 पाउंड आणि लंडनच्या यूलेझ या कमी-प्रदूषण क्षेत्रात साडेबारा पाउंड बसतात. चाळीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला माफी आहे, पण यातली सगळ्यात म्हातारी इलानसुद्धा अजून तिथे पोचलेली नाही. एमओटीचा, म्हणजे गाडीच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो. "गंज" हा शब्द कुठल्या वर्षी पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी कसा गायब झाला, ते जरूर वाचा. बंद गॅरेज नसेल तर एलीझ सोडून बाकीच्यांचा विचार करू नका, आणि तीही दुसऱ्या गाडीच्या जोडीलाच.

मी स्वतः घेतली तर चेसिसचं काम झालेली कायमिरा घेईन. हात काळे करायची आवड असेल आणि एकट्याने भटकायचं असेल तर एलीझ. घरातून आधीच विरोध असेल तर इलान, ती निदान रस्त्यात थांबून विरोधकांना मुद्दा देत नाही. टस्कन फक्त इंजिन परत बांधल्याचं बिल हातात पडल्यावर, आणि तेवढेच पैसे पुन्हा बाजूला ठेवून.

मित्राने त्या पिवळ्या टस्कनच्या मालकाला बिलांचे फोटो पाठवायला सांगितलंय. याला आता पाच आठवडे झाले. मालक रोज गाडीच्या आवाजाचा नवा व्हिडिओ पाठवतो.